पॅरिसची टोपी झालेली कुंची

मी एक जुनी कुंची आहे. लाल खणाची, आतून मऊ मलमलीचं अस्तर लावलेली. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला बघून "अय्या, किती गोड!" म्हणणार असाल तर इथूनच मागे फिरा. मी आता तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बसत नाही. मी फ्रान्सच्या क्रांतीतली टोपी होऊन आले आहे. तीही पॅरिसला न जाता, व्हर्जिनियातल्या हर्नडन गावच्या एका शाळेत. आणि माझ्यापायी एका मराठी घरात बाप आणि लेक एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

माझा जन्म नागपूरचा. मला शिवलं रत्नाआत्याने. रत्नाआत्या म्हणजे शशिकांतची थोरली बहीण. शशिकांतला मुलगी झाली, तेव्हा बारशाला कुंची आणायचा मान आत्याचा. बाजारात तयार कुंच्या ढिगाने मिळत होत्या, पण आत्याने ओटीत आलेला चांगला लाल खण काढला, स्वतः मशीनवर बसली आणि मला उभं केलं. डोक्यावर टोकदार, कानांवर घट्ट, आणि मागे मानेवरून पाठीपर्यंत उतरणारी. बारशाच्या दिवशी बाळाचं नाव आत्याने कानात सांगायचं असतं, आणि ती वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. रत्नाआत्याने त्या दिवशी भरपूर धपाटे खाल्ले, पण नाव ठासून सांगितलं, "रुही!" बाळाच्या कानांवर मी होते. त्यामुळे ते नाव बाळाच्या आधी मी ऐकलं. हा माझा मोठेपणा मी कुणाला विसरू देत नाही.

पुढे काय व्हायचं तेच झालं. बाळाचं डोकं वाढलं, माझं कापड काही वाढलं नाही. मला धुऊन, घडी घालून, डांबराच्या गोळ्यांबरोबर बंद केलं. शशिकांत कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला आला, तेव्हा रुहीची आई राधिका हिने मला बॅगेत घातलं. हर्नडनच्या अपार्टमेंटमध्ये कपाटाच्या तळाशी, हिवाळी कोटांच्या खाली, प्लॅस्टिकच्या खोक्यात माझी रवानगी झाली. पाहुणे आले की राधिका सांगायची, "रुहीची कुंचीसुद्धा जपून ठेवलीय हं मी." पण खोकं उघडून दाखवायची नाही. मित्रांनो, जपून ठेवणं हे पुष्कळदा विसरण्याचंच सभ्य नाव असतं. मला त्याचा फार राग यायचा.

मग दोन हजार एकच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, आणि त्यानंतर ते खोकं एकदा उघडलं. मला वाटलं, आली माझी पाळी! पण राधिकाने माझ्या अंगावर टिकल्यांची पाकिटं टाकली, हिरव्या बांगड्या टाकल्या आणि झाकण लावलं. बाहेर शशिकांत बोलत होता. "काही दिवस नको लावूस गं. लोकांना काय कळतंय कोण कुठला ते! आपण आपलं खाली मान घालून राहावं." दुकानाच्या पार्किंगमध्ये कुणीतरी राधिकाच्या कपाळाकडे बघून "गो बॅक होम!" असं ओरडलं होतं. शशिकांतने त्याच संध्याकाळी गाडीच्या काचेवर अमेरिकेचा झेंडा चिकटवला. मी त्याला भित्रा म्हणत नाही. म्हणजे, म्हणते. पण त्याचं भिणं मला कळत होतं. नोकरी गेली की व्हिसाही जाणार, आणि ऑफिसात रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी होत होती. एवढं मात्र खरं की त्याचे 'काही दिवस' काही केल्या संपेनात.

मग आला दोन हजार तीनचा वसंत, आणि खोकं उघडलं ते थेट रुहीने.

रुही तेव्हा सहावीत होती. त्यांच्या वर्गात जिवंत म्युझियम भरणार होतं. प्रत्येक मुलाने इतिहासातलं एक माणूस निवडायचं, त्याचे कपडे घालून पुतळ्यासारखं निश्चल उभं राहायचं. पायाशी कागदाचं लाल बटण चिकटवलेलं. पाहुण्यांनी बटणावर पाय दिला की पुतळा जिवंत होऊन आपली गोष्ट सांगणार. बाकीच्या मुली राण्या आणि राजकन्या झाल्या. रुहीने मात्र फ्रान्सच्या क्रांतीच्या काळातली, पॅरिसमधली एक शिवणकाम करणारी बाई मनानेच रचली आणि तिचं नाव ठेवलं मार्गो. मार्गोला क्रांतिकारकांची लाल टोपी हवी होती.

राधिकाने आधी सोपा उपाय काढला. ख्रिसमसची सांताक्लॉजची टोपी घेतली आणि तिचं पांढरं फर उसवून टाकलं. रुहीने घातली, आरशात बघितलं आणि म्हणाली, "आई, आय लुक लाइक सांता आफ्टर अ हेअरकट." मग ती कपाट उपसायला लागली आणि तिच्या हाती मी लागले. तिने मला इतिहासाच्या पुस्तकातल्या टोपीच्या चित्राशेजारी धरलं. टोकदार डोकं, लाल रंग, मानेवर उतरणारं कापड. "आई! धिस इज इट! सेम टू सेम!"

राधिकाचा चेहरा पडला. "अगं, ही आत्याची कुंची आहे. पुढच्या बाळासाठी ठेवायची असते."

"कुठलं पुढचं बाळ?"

 पण खरी अडचण वेगळी होती. रत्नाआत्या तेव्हा हर्नडनलाच आली होती आणि शेजारच्या खोलीत दुपारची वामकुक्षी घेत होती. आत्याने दिलेली कुंची आत्याच्या नाकाखाली कापायची म्हणजे तिच्या मानाला कात्री लावायची. सरळ विचारायचं सोडून या मायलेकींनी काय करावं? दार लोटून घेतलं आणि कोथिंबीर कापायच्या कात्रीने मला गुपचूप उसवलं. राधिकाने घाईघाईत कापड असं काही वाकडं कापलं की माझं टोक एका कानाकडे गेलं. मी रागाने लाल झाले असते, पण लाल मी आधीच होते.

आत्या जागी झाली ती नेमकी तेव्हाच. दारात उभं राहून तिने मला पाहिलं, कात्री पाहिली, दोघींची तोंडं पाहिली. राधिका चाचरत म्हणाली, "ताई, चुकलं... तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही रागवाल म्हणून..."

"रागावलेच आहे," आत्या म्हणाली. "कापलीत ती कापलीत, पण अशी? उरेप तरी धरायचा! असं नेमकं तिरकं कापलं की कापड ताणून डोक्यावर नीट बसतं, एवढं साधं कळू नये? आणि चोरून कशाला? मी काय खाणार होते तुम्हाला?" मग तिने मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि रुहीला म्हणाली, "ये इकडे. डोकं दे तुझं."

त्या घरात मशीन नव्हतं. आत्याने आणि राधिकाने मला हातशिलाईने पुन्हा जोडलं. बाजूंना पट्ट्या घातल्या, टोकात कापूस भरून ते पुढे झुकवलं. निळ्या, पांढऱ्या, लाल फितींचं एक गोल फूल करून कानाजवळ टाचलं. आत्याचा एक जाड परकर मार्गोचा घागरा झाला आणि राधिकाची पांढरी मलमलची ओढणी खांद्यावरचा रुमाल झाली. रुहीने सांगितलं की त्या काळात हिंदुस्थानातली मलमल पॅरिसमध्ये बायकांना फार आवडायची. त्यावर आत्या म्हणाली, "वा! म्हणजे कापड आपलं आणि फॅशन त्यांची."

संध्याकाळी स्वयंपाकघरात रुही मला डोक्यावर घालून पाठांतर करायची. माझंही सगळं पाठ झालं. ऐका मित्रांनो, फ्रान्समध्ये राजाचं राज्य होतं तेव्हा कपड्यांवरून माणूस ओळखू यायचा. बड्या घरच्या बायकांचे घागरे इतके रुंद असत की दारातून त्यांना आडवं होऊन जावं लागे. बडे पुरुष गुडघ्यापर्यंतची रेशमी तुमान आणि पायमोजे घालत. कष्टकरी माणसं साधी लांब विजार घालत, म्हणून बडे लोक त्यांना हिणवत, 'बिनतुमानवाले!' क्रांती झाली तेव्हा त्या लोकांनी तीच शिवी छातीवर मिरवली. त्याच्या जरा आधी राजाने सगळ्यांना सभेला बोलावलं तेव्हा सरदारांना जरीचे कपडे आणि पिसं, आणि सामान्यांच्या प्रतिनिधींना साधे काळे कपडे, असा हुकूम होता. पुढे लाल टोपी आली आणि गरिबांच्याही डोक्यावर दिमाख चढला.

पण मला सगळ्यात आवडायचा तो शेवटचा भाग. लाल टोपीवरून पॅरिसच्या बाजारात बायकांचीच जुंपली. काही म्हणाल्या, सगळ्यांनी टोपी घातलीच पाहिजे. बाकीच्या म्हणाल्या, नाही घालत जा! तेव्हा सरकारने कायदा केला की कुणी कुणाला अमुकच कपडे घालायची सक्ती करायची नाही. ज्याने त्याने आपल्या मर्जीने घालावं. आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्याच सरकारने बायकांच्या संघटना बंद करून टाकल्या.

राधिका पोळी लाटता लाटता थांबली. "म्हणजे डोक्यावर काय घालायचं ते तुम्ही ठरवा, पण डोक्यात काय ठेवायचं ते आम्ही ठरवू?"

"एक्झॅक्टली, आई! सो अनफेअर!"

आत्या त्या वेळी राधिकाच्या ओक्या कपाळाकडे बघत होती. ती म्हणाली, "आणि डोक्याच्या जरा खाली, कपाळावर काय लावायचं ते कोण ठरवतं गं?" राधिका पुन्हा लाटायला लागली. तव्यावरची पोळी मात्र करपली.

म्युझियमच्या आधीच्या आठवड्यात शाळेतून बाईंचा, म्हणजे मिसेस डाल्टन यांचा फोन आला. त्या काळात फ्रान्सने अमेरिकेच्या इराकवरच्या युद्धाला नकार दिला होता, आणि लोक फ्रान्सच्या नावाने इतके खवळले होते की काही ठिकाणी फ्रेंच फ्राइजचंसुद्धा नाव बदललं होतं. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी तक्रार केली होती की आमची पोरं सैन्यात लढताहेत आणि शाळेत फ्रेंच टोपी कशाला? बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रुहीने मार्गोच व्हावं. टोपी घालायची की नाही, ते तुम्ही घरी मिळून ठरवा."

शशिकांतने फोन ठेवला आणि त्याच्यापुरता निकाल लागला. "रुही, टोपी नको. गोष्ट सांग, पण टोपी कॅन्सल."

"बाबा, शी इज अ रेव्होल्यूशनरी! विदाउट द हॅट शी इज जस्ट अ गर्ल इन आत्याज परकर!"

"मग दुसरं कुणी हो ना! अमेरिकेचा पहिला झेंडा शिवणारी बाई हो. तीही शिवणकामच करायची."

तेवढ्यात शेजारचे शैलेंद्र काका आले. ते मुंबईचे, मनाने चांगले, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "यार रुही बेटा, टायमिंग बघ ना! आत्ता फ्रेंच काही म्हणजे प्रॉब्लेम. बाबांचं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. एक टोपी नाही घातली तर काय बिघडतं?"

"काका, दॅट्स व्हॉट बाबा सेड अबाउट आईज टिकली."

काका दाराकडे सरकले. शशिकांतचा चेहरा उतरला. मी टेबलावर पडून सगळं ऐकत होते. मला वाटलं, हा माणूस आता विरघळेल. पण भीती अशी लगेच विरघळत नाही मित्रांनो. तो म्हणाला, "आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्याने यजमानाच्या घरात आवाज चढवायचा नसतो."

"आय लिव्ह हिअर," रुही म्हणाली. "मी पाहुणी नाहीये. मी घालणार." त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद झालं.

म्युझियमच्या सकाळी रुही आंघोळीला गेली. शशिकांत दबक्या पावलांनी तिच्या खोलीत आला, मला उचललं आणि कोटाच्या खिशात कोंबलं. मी काय करणार? मला हात नाहीत, दात नाहीत. बाहेर रुही घर पालथं घालत होती. शेवटी अबोला मोडून तिने विचारलं, "माझी टोपी? बाबा, टोपी पाहिली?" "असेल इथेच कुठेतरी," तो म्हणाला. रुही त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि ते त्याला जास्त लागलं. खिशावरचा त्याचा हात किती घट्ट झाला, ते मला कळलं.

तेवढ्यात राधिका तयार होऊन आली. तिच्या कपाळावर ठसठशीत लाल टिकली होती. शशिकांतने तोंड उघडलं. आत्या साडीवर स्वेटर आणि पायात बूट चढवून उभीच होती. ती म्हणाली, "चला, उशीर होतोय." शशिकांतने तोंड मिटलं.

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये ओळीने पुतळे उभे होते. आईबाप फिरत होते, बटणांवर पाय देत होते, राण्या बोलत होत्या, टाळ्या पडत होत्या. रुही उघड्या डोक्याने परकरात उभी होती. एका बाईने तिच्या बटणावर पाय दिला. रुही जिवंत झाली, पण पाठ केलेलं एक अक्षर बोलली नाही. ती खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "माझी टोपी काढून घेतली आहे. ती मिळाली की मी बोलेन." आणि पुन्हा पुतळा झाली.

बाई हसली. तिला वाटलं, हेच नाटक आहे. दुसऱ्या कुणी बटण दाबलं. "माझी टोपी काढून घेतली आहे. ती मिळाली की मी बोलेन." मग पोरांना गंमत वाटायला लागली, ती येऊन येऊन बटण दाबू लागली. एक आजोबा कळवळून विचारत होते, "पण कुणी घेतली, बाळ?" पुतळा उत्तर देत नव्हता. मिसेस डाल्टन लांबून काळजीने बघत होत्या. या कामाचे मार्क होते, आणि पोरगी गोष्ट सांगतच नव्हती. राधिकाचे डोळे भरून आले होते. आत्या भावाकडे टक लावून बघत होती.

हे सगळं मी नंतर आत्याच्या तोंडून ऐकलं. तेव्हा मी कुठे? त्याच्या खिशात, त्याच्या घामेजलेल्या मुठीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं त्याचं. दर वेळी ते वाक्य ऐकलं की तो मला चुरगाळायचा आणि सोडायचा. मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे काढ मला! मी फटाका नाही, खणाचा तुकडा आहे!

तेवढ्यात तक्रार करणारे गृहस्थ आले. बरोबर त्यांचा मुलगा होता. त्यांनी रुहीसमोरची पाटी वाचली, तिच्या उघड्या डोक्याकडे बघितलं आणि समाधानाने मान हलवली. "गुड गर्ल," ते म्हणाले. "टोपी काढलीस, शहाणी आहेस."

पुतळ्याने बोलायचं नसतं. रुही बोलली नाही. पण तिची हनुवटी थरथरली. इतक्या वेळात पहिल्यांदा.

ते शशिकांतने पाहिलं. मग मला एकदम उजेड दिसला. खाली मान घालून जगणारा हा माणूस त्या गृहस्थांच्या आणि लेकीच्या मधे जाऊन उभा राहिला. त्याने मला झटकलं, चुरगळलेलं टोक सरळ केलं, कानाजवळचं फूल नीट बसवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "शी डिडन्ट टेक इट ऑफ, सर. आय टूक इट." मग त्याने मला रुहीच्या डोक्यावर घातलं, दोन्ही कानांवरून नीट खाली ओढलं, आणि मागे सरून स्वतःचा पाय त्या लाल बटणावर दिला.

रुही बोलली. अशी बोलली की शेजारच्या राण्या आपलं भाषण विसरून ऐकत राहिल्या. रेशमी तुमानी, लांब विजारी, बाजारातलं भांडण, सगळं सगळं. शेवटी ती म्हणाली, "मला ही घालायची सक्ती कुणी करायची नाही. आणि काढायचीही नाही." त्या गृहस्थांना पटलं की नाही, मला ठाऊक नाही आणि त्याची फिकीरही नाही. ते मात्र शेवटपर्यंत उभे होते. त्यांच्या मुलाने पुन्हा बटण दाबलं.

त्यानंतर आभाळ कोसळलं नाही. शशिकांतची नोकरी टिकली. टिकली नसती तरी मी हेच सांगितलं असतं. आज पाच वर्षं झाली. रुहीने मला खोक्यात परत जाऊ दिलं नाही. मी थंडीत शाळेच्या मॅचला गेले, बर्फात भिजले, विटले, एका बाजूला विरले. लोक विचारतात, ही कसली टोपी? ती सांगते, आणि पूर्ण सांगते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी विनवणी करतात, की आम्हाला जपा. मी विनवणी करणार नाही, बजावणार आहे. तुमची टोपी कुणी काढून घेतली असेल, तर ताठ उभे राहा आणि मिळेपर्यंत मागत राहा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. भीतीपोटी का होईना, लेकराची टोपी तुमच्या खिशात असेल, तर ती आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. चारचौघांत काढा, आणि आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवा.